माघातला दसरा

आमच्या शाळेत दसरा केव्हा येईल हे पंचांगाला ठाऊक नसे. ते अप्पा गुरुजींना विचारावे लागे. एकदा तो कार्तिकात आला होता, एकदा पौषात. मी सांगतो आहे तो माघातला.

भोरच्या त्या प्राथमिक शाळेत अप्पा गुरुजी हेडमास्तर आणि मी दुय्यम शिक्षक. गुरुजींच्या काखेत बारमाही छत्री असे, पण उघडलेली मी कधी पाहिली नाही. पावसात ते तिला कोटाखाली धरत. म्हणत, "ही भिजली की लवकर वाळत नाही. मी वाळतो."

शाळेतल्या प्रत्येक पोराला ते 'सावकार' म्हणत. "काय सावकार, नाक पुसा." "सावकारीणबाई, पाढे झाले का?" मी चळवळीची पत्रके वाचून वाढलेला माणूस, सावकार या शब्दानेच माझे डोके तापे. एके दिवशी मी त्यांना तसे बजावून सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "या पोरांना जन्मभर दुसऱ्याला सावकार म्हणायचंय. चार वर्षं त्यांना कुणी म्हटलं तर तुमचं काय जातं?"



त्या माघात पारूबाई नावाची बाई मुलीचा हात धरून शाळेच्या पायरीशी आली. नवरा मोंबासाला रेल्वेच्या कारखान्यात. लढाईची धास्ती घेऊन त्याने मायलेकींना बोटीने परत पाठवले होते. मुलगी हिरा तिथल्या गुजराती शाळेत तिसरीत होती. पारूबाईने भोरात खोली घेतली होती ती केवळ शाळेसाठी, आणि एका शाळेने तिला जूनमध्ये या म्हणून वाटेला लावले होते.

"जूनपत्तुर थांबाया गावत न्हाई गुरुजी," ती म्हणाली. "थोरलं दीर पासलीला ऱ्हात्यात. म्हनले, पोर साळंत न्हाई तर भोरात भाडं कशाला भरता? उद्या बाजाराला येतील ते हिला घिऊनच जातील. मग ही गुरामागं. तितं साळाच न्हाई."

अडचण खरी होती. परीक्षेच्या तोंडावर नवी नावे घालू नका, नापासांची भर पडते, अशी शाळा तपासायला येणाऱ्या डिपुटीसाहेबांची सक्त ताकीद होती. मी उसळलो. मुलीच्या शिक्षणाच्या हक्कावर मी पायरीवरच बोलू लागलो. पारूबाई डोक्यावरचा पदर सावरून आदराने ऐकत राहिली. गुरुजींनी मात्र हिराच्या हातातली पाटी मागितली आणि तिच्यावरची गुजराती अक्षरे उन्हात धरून पाहिली.

"रेघ सरळ आहे," ते म्हणाले. "लिपी येईल मागाहून." मग माझ्याकडे वळून, "दसऱ्याला आलेलं मूल माघारी लावायचं नाही, ही रीत डिपुटी मोडतात का?"

"नाही. पण दसरा होऊन गेला."

"तो त्यांचा. आपला उद्या आहे."

दुसऱ्या दिवशी पोरांनी टेकडीवरून आपट्याची करपलेली पाने आणली. झेंडू कुठला मिळायला? लवकर फुललेल्या पळसाची तोरणे लागली. पाट्या ओळीने मांडल्या. एकाचे आकडे जोडून सरस्वती कशी काढायची हे पोरींनी हिराला शिकवले. तिची सरस्वती जरा बोटीसारखी झाली. गुरुजी म्हणाले, "असू दे. समुद्रावरून आलीय." आणि तिच्या पाटीवर हळदकुंकू वाहिले.

तेवढ्यात दीर आला. धोंडीबा. खांद्यावर घोंगडे, हातात काठी. तोरण पाहून त्याने नकळत पायताण काढले.

"आज कशाचा दसरा, गुरुजी?"

"तुमच्या पुतणीचा. या, सोनं घ्या."

त्याने पान घेतले, कपाळाला लावले आणि मग त्याला आपले काम आठवले. "पोरीला न्यायला आलोय."

"न्या की. पण पाटीसकट न्यावी लागेल, आणि पाटी पूजेला बसलीय. धोंडीबा, पुजलेलं औत तुम्ही मधेच उचलता का?"

"छ्या. पूजा उठल्याबिगर कसं उचलावं?"

"मग?"

धोंडीबा पाटीकडे बघत राहिला. कुंकवाला हात लावायची त्याची छाती होईना. "कवा उठंल?"

"उठली की कळवतो."

ती उठली नाही. गुरुजींनी ती पाटी फुलांसकट कोनाड्यात ठेवली आणि हिराला लिहायला शाळेतली दुसरी पाटी दिली. दर बाजाराला धोंडीबा दारात डोकावे. "उठली का पूजा?" गुरुजी म्हणत, "अजून नाही." पुढे पुढे तो विचारताना हसू लागला. एकदा तांदळाची पिशवी ठेवून गेला. म्हणाला, "द्येवीला निवद." डिपुटीसाहेब आले तेव्हा त्यांनी हिराला पाढे विचारले, ती चुकली नाही, आणि तिचे नाव कधी घातले हे विचारायचे ते विसरले. मी तरी तसेच धरून चालतो.

मग पंचांगातला दसरा आला. शाळेला सुट्टी होती. संध्याकाळी सगळे भोर सोने लुटायला बाहेर पडले. मीही उशिरा गुरुजींच्या खोलीवर गेलो. दार सताड उघडे. सतरंजी अंथरलेली, ताटात आपट्याची पाने, वाटीत साखर. पानांचा ढीग तसाच होता. छत्री मांडीवर घेऊन गुरुजी दाराकडे तोंड करून बसले होते.

"तुम्ही आलात होय," ते म्हणाले. "बसा. आज सुट्टी ना. सावकार आपापल्या घरी."

त्या खोलीत त्यांच्याखेरीज कुणी राहत नसे, हे मला माहीत होते. दरवर्षी हे ताट मांडले जाते आणि पाने तशीच उरतात, हे माहीत नव्हते. शाळेला मधेच दसरा का लागतो, त्याचे दाराशी आलेल्या नव्या मुलाखेरीज आणखी एक कारण मला तेव्हा दिसले. मी पान दिले आणि सतरंजीवर बसलो.

जिन्यावर पावले वाजली. पुढे हिरा, मागे पारूबाई, आणि त्यांच्या मागे पासलीहून चालत आलेला धोंडीबा, घोंगड्याच्या खोळीत आपट्याच्या डहाळ्या घेऊन.

गुरुजी उठले. छत्री खाली पडली. सावकारीणबाई म्हणायचेसुद्धा ते विसरले. "आज... कशाचा दसरा?"

धोंडीबाने दाराबाहेर पायताण काढले.

"आज तुमचा, गुरुजी," तो म्हणाला आणि हिराला पुढे केले.