खंडेनवमीस कॅल्शियमची खिंड सर जाहली त्याचे वर्तमान

हुजूर विद्यापीठाचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, संगणकाचे दप्तरात ज्या दिवशी 'काम निरंक' लिहिले, त्याच दिवशी प्रबंधाचा निकाल छापून निघाला तो कैसा, ऐसे आपण पुसिले. पाच वर्षे काहीच न पुसता एकाएकी पुसिले, हा आपला मोठेपणा. त्यावरून शके १९२४, चित्रभानू नाम संवत्सरी, आश्विन मासी, चंद्रपूर मुक्कामी जे घडले ते पदरचे तिखटमीठ न लावता लिहितो.

घुग्घुसच्या कोळसा खाणीत पंप चालविणारे गुलाबराव खोब्रागडे, यांची कन्या रुपालीबाई चंद्रपुरी एका महाविद्यालयात तासिकेवर पदार्थविज्ञान शिकवीत. गुलाबरावांस रक्तदाबाचा विकार, आणि त्यांची रोजची गोळी शरीरातील एका अतिसूक्ष्म दरवाजास अडसर घालते, ऐसे डॉक्टरमुखे कळले, मग बाईंनी तो दरवाजाच सर करण्याचा विडा उचलिला. दरवाजा म्हणजे एक अरुंद खिंड, आणि आत ऋणभाराचे चार पहारेकरी. बाहेर सोडियमची शंभराची फौज, तीत कॅल्शियम एखादा; दोघांचे देह जवळपास एकाच मापाचे; तरी आत जातो तो कॅल्शियम, आणि सोडियम दारी तिष्ठतो. हे का, ते संगणकात खिंड रचून, एकेक कण कोट्यवधी वेळा हलवून शोधणे, ही मोहीम.

पहिल्या दोन स्वाऱ्यांत बाईंनी पहारेकरी भिंतीत खिळवून ठेविले, आणि सोडियम बेलाशक आत शिरला. मोठी नाचक्की जाहली. मग तिसऱ्या स्वारीस पहारेकऱ्यांचे हात मोकळे सोडिले, आणि त्यांनीच खिंडीत ऐसी दाटी केली की जागेची टंचाई पडली. कॅल्शियमचे अंगी धनभार दुप्पट. दोन सोडियमांचे काम तो एकाच्या जागेत करील, ऐसा बाईंचा अंदाज. परंतु संगणक बारा दिवसांशिवाय कौल देईना, आणि मध्ये थांबला तर पुनश्च पहिल्यापासून, कारण वाटेत मुक्काम करण्याची तजवीज लिहावयास बाई विसरल्या होत्या. प्रबंधाच्या नोंदणीची मुदत सरण्यास दिवस उरले पंधरा. मुदत गेली की पदवी गेली, आणि पदवी गेली की नोकरीही गेली.

संगणक म्हणाल तर महाविद्यालयात एकच. त्यास गारवा, पडदे, मखमली झूल. दर्शनास जाणे तर चपला बाहेर. वीज मात्र त्याचाही मुलाहिजा राखीत नसे. दूरदूरच्या मुलखास उजेड पुरविणारे हे शहर स्वतः रोज अंधारात बसते, हा त्याचा दानशूरपणा. म्हणून गुलाबरावांनी घुग्घुसाहून एसटीने ट्रकच्या बॅटऱ्या वाहिल्या, आणि त्यांच्या बळावर खिंड अकरा दिवस लढली.

बारावे दिवशी खंडेनवमी. निकालास दोन प्रहर उरले असता बडेबाबू मनसारामजी, ज्यांचे कंबरेस संगणकखोलीची किल्ली आणि ज्यांस संगणक सुरू करणे ठाऊक नाही, यांचे फर्मान सुटले की, आज समस्त आयुधांची पूजा, सबब संगणक बंद करून हार घालावा, आणि दसरा उलटेपर्यंत कोणी हात लावू नये. मग शिपाई देवराव झेंडू, कुंकू, नारळ ऐसा सरंजाम घेऊन दाखल जाहले.

"बडेबाबू, आजच्या दिवस चालू राहू द्या नं," बाईंनी अर्ज केला. "बंद झाला तं माहे पाच वर्षं गेले."

"मॅडम, बैलालेही पोळ्याले आराम देतो आपण. याले काऊन नाई?"

गुलाबराव बॅटरी घेऊन दारीच उभे होते. चपला काढून आत आले आणि नम्रपणे बोलिले, "बडेबाबू, अठ्ठावीस वर्षं झाले मी पंप चालवून राह्यलो. खंडेनवमीले त्यालेही पुजते आमच्या इथी. पन चालू ठेवूनच पुजते. बंद केला अन् खान बुडाली, तं पुजाले खाली जाईन कोन?"

यावर मनसारामजींनी बहुत विचार केला. खाणीचा दाखला कचेरीच्या दाखल्याहून थोर की कसे, याची मसलत आपल्याशीच केली, आणि हुकूम दिला की, संगणकाचा दर्शनी पडदा तेवढा मिटवावा, आत यंत्र चालते तर चालो, परंतु स्पर्श कोणी न करावा. मग पूजा जाहली. देवरावांनी भक्तिभावे हार ऐसा घातला की झेंडूने मागील पंख्याचे नाकतोंडच दाबिले. यंत्र तापले, घरघर लागली. हार काढावा तर स्पर्श, न काढावा तर सर्वनाश. बाई रडू लागल्या.

तेव्हा गुलाबरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढिला. वारा घालणे म्हणजे स्पर्श नव्हे, हे मनसारामजींस कबूल करणे भाग पडले. मग साठीचा माणूस पाठीमागे उकिडवा बसून वारा घालू लागला, आणि हात बदलीत दिवेलागणीपर्यंत थांबला नाही. इतक्यात हाराखालचे छपाईयंत्र कोणी न शिवता आपोआप कडकडू लागले. मनसारामजींनी दचकून हात जोडिले. कागद आला तो ऐसा: कॅल्शियम आत, सोडियम बाहेर.

"काय निघालं, बाई?" गुलाबरावांनी पुसिले.

"दरवाजा कोनाले घेते ते समजलं, बाबा. तुमची गोळी हाच दरवाजा लावते."

"तं आज उघडाच हाय," गुलाबराव कपाळ पुसत म्हणाले. "सकायपासून गोळी घ्याची राह्यली."

बाईंनी कागद टाकिला, आणि पूजेच्या तांब्यातले पाणी घेऊन बापाकडे धावल्या.

येणेप्रमाणे खिंड सर होऊन मोहीम फत्ते जाहली. रात्री मनसारामजींनी दप्तरात लिहिले की, आयुधे विश्रांतीस, काम निरंक. ते खोटे नव्हे. संगणकास कोणी हात लाविला नाही. पदवी द्यावी न द्यावी, हुजूर मुखत्यार आहेत. खुलासा इतकाच की, त्या दिवशी काम केले ते गुलाबरावांच्या दुपट्ट्याने, आणि त्याचा रकाना दप्तरात नाही.