गाडेकरांची कॉलर

अंबादास गाडेकर दिवसातून तीन-चार वेळा माझ्याकडे पाठ करून उभे राहतात, मान खाली घालतात आणि विचारतात, "पत्रकार, काय परिस्थिती हाय?"

प्रश्न देशाबद्दल नसतो. त्यांच्या शर्टाच्या कॉलरबद्दल असतो. कॉलर आतून मानेला घासते तिथे मळाची रेघ उमटली आहे का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं. मी चष्मा सावरून पाहतो आणि सांगतो, "स्वच्छ आहे."

"डाव्या अंगाला बघा बरं. येताना तिकडून ऊन लागल्तं."

डावं अंगही स्वच्छ असतं. मग ते हातरुमालाची घडी पुन्हा कॉलरच्या आत बसवतात आणि जागेवर जातात. चेहऱ्यावर समाधान नसतं. फाशी पुढे ढकलली गेलेल्या माणसाचा चेहरा असतो.

आमच्या बियाणे कंपनीचं ऑफिस नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गाडेकर विक्री विभागात बसतात. कपाशीचं कोणतं वाण कधी येणार, हे विचारायला जिल्हाभरातले डीलर त्यांच्यासमोर येतात. मी पूर्वी वर्तमानपत्रात होतो. आता कंपनीचं शेतकऱ्यांसाठीचं मासिक काढतो. माझं टेबल त्यांच्या बरोबर मागे असल्यामुळे कॉलरची पाहणी माझ्याकडे आली.

ऑफिसात पांढरा शर्ट सक्तीचा आहे आणि प्रत्येकाने त्याच्याशी आपापल्या परीने तह केलेला आहे. कोणी जेवणानंतर वरची दोन बटणं उघडतो. कोणी सोमवारचा शर्ट बुधवारी पुन्हा घालतो. डिस्पॅचचे शेखभाई बाह्या कोपरापर्यंत गुंडाळतात, आणि संध्याकाळी त्यांचा शर्ट सकाळी पांढरा होता हे सांगावं लागतं. गाडेकरांनी तह केलेला नाही. त्यांची लढाई चालू आहे.

या लढाईचे नियम आहेत. डोक्याला तेल नाही. मानेला पावडर नाही, कारण "पावडरीत घाम मिसळला की चिखल होतो." न्हाव्याकडे मानेवरचे केस दर आठवड्याला काढायचे. खुर्चीला पाठ टेकवायची नाही. जाफराबादकडे गावी जाताना शेअर जीपमध्ये पुढच्या सीटवर कडेला बसायचं, म्हणजे शेजाऱ्याचा हात मानेमागे येत नाही. मिठी मारणाऱ्या डीलरना ते लांबूनच नमस्कार करतात. दिवाळीनंतर एकदा परतूरच्या एका डीलरने प्रेमाने त्यांच्या मानेवर हात ठेवला. गाडेकर तो निघून जाईपर्यंत हसत राहिले आणि मग धावत माझ्याकडे आले.

"मळ एकदा बसला की उठत न्हाई," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते कशालाही लागू होतं. साहेबांच्या मनात शंका आली तरी, डीलर रुसला तरी.

शेखभाई त्यांना सोडत नाहीत. "गाडेकरसाब, मानेचा इन्शुरन्स काढून टाका जल्दी. कंपनीकडून क्लेम करू."

"हसा, शेखभाई. तुमची कॉलर बघून माणूस जेवत न्हाई."

"मंग बघता कामून? मी तुमची बघतो का?"

हे असंच चालू राहिलं असतं, पण मार्चअखेर नवे विभागीय व्यवस्थापक आले आणि त्यांनी टाय सक्तीचा केला. एप्रिलपासून विक्री विभागातल्या प्रत्येकाने डीलरसमोर टाय घालून बसायचं.

जालन्यात एप्रिलमध्ये लोक अंगावरचे कपडे कमी करण्याच्या विचारात असतात. आदेशाने ऑफिसात धांदल उडाली. टायची गाठ कोणालाच येत नव्हती. मोबाईलवर व्हिडिओ लावून चार मोठी माणसं आरशासमोर एकमेकांचे गळे आवळत होती. शेखभाई विक्री विभागात नव्हते, तरी हौसेने त्यांनी शाळेच्या गणवेशाच्या दुकानातून इलॅस्टिकचा टाय आणला. तो तिसऱ्या बटणापाशी संपत होता. "पाचवी 'ब' मध्ये बसवा मला," असं म्हणत ते दिवसभर फिरले.

गाडेकर हसले नाहीत. टाय घातला की वरचं बटण लागतं, कॉलर मानेला घट्ट बसते आणि आत रुमाल ठेवायला जागा राहत नाही. अशा अवस्थेत दिवसभर घाम येणार. त्यांनी साहेबांपुढे तीन कारणं मांडली. पहिलं, टाय मशीनमध्ये अडकू शकतो. मशीन गोदामात असतं आणि गाडेकर गोदामात जात नाहीत. दुसरं, टायवाला माणूस पाहून शेतकऱ्याला बँकेचा वसुलीवाला आला असं वाटतं. तिसरं, घसा.

"घशाला काय झालंय?" साहेबांनी विचारलं.

"अजून काही न्हाई साहेब. पण होईल."

साहेब वाईट माणूस नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "गाडेकर, टाय ही शिस्त आहे. नकोच असेल तर अकोल्याच्या डेपोत जागा आहे. तिथे डीलर येत नाहीत. तुम्हाला तिकडे पाठवतो."

गाडेकर दुसऱ्या दिवशी टाय घालून आले. निळा, बारीक पट्ट्यांचा. दुपारी ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले, पण नेहमीचा प्रश्न विचारला नाही. मी पाहिलं. कॉलरच्या आत तपकिरी रेघ होती, पट्टी धरून ओढल्यासारखी.

"आहे," मी म्हणालो.

"ठीक," ते म्हणाले आणि जागेवर गेले. त्यानंतर त्यांनी मला विचारणं बंद केलं. डीलर बोलत असायचे आणि गाडेकरांचा हात पुन्हा पुन्हा मानेमागे जायचा. एकदा त्यांनी मंठ्याच्या डीलरचं बियाणं अंबडला पाठवलं. तेरा वर्षांत त्यांची अशी चूक कोणी पाहिली नव्हती.

ऑफिस सुटल्यावर एका संध्याकाळी मी हात धुवायला मागे गेलो. गाडेकर बनियनवर बेसिनपाशी उभे होते. शर्टाची कॉलर कडप्प्यावर पसरली होती आणि जुन्या टूथब्रशने ते ती घासत होते. शेजारी लिंबाच्या वासाच्या साबणाची वडी होती.

मला वाटलं ते ओशाळतील. ते म्हणाले, "पत्रकार, जरा दार लोटून घ्या."

"घरी धूत नाहीत का?"

"धुतेत की. म्हणून तर."

ब्रश न थांबवता त्यांनी सांगितलं. त्यांच्या पत्नीला, द्वारकाबाईंना, साखरेचा आजार आहे. दोन वर्षांपासून तो डोळ्यांत उतरला आहे. संभाजीनगरला नेलं, डोळ्यात इंजेक्शनं दिली. आता उजेड कळतो, माणूस आकारावरून ओळखू येतो.

"डाग न्हाई दिसत," गाडेकर म्हणाले. "पण कपडे तीच धुते. भाकरी आता थापता येत न्हाई, निवडणं-टिपणं सुटलं. धुणं तेवढं तिच्या हातात राह्यलं. बाई लावतो म्हणलो, मशीन आणतो म्हणलो. चार दिवस बोलली न्हाई."

पूर्वी त्यांना याची एवढी धास्ती नव्हती. मग एका लग्नात त्यांचा मावसभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, अंबादास, वहिनींनी साबण सोडला का काय? थट्टाच होती. द्वारकाबाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या शर्टाची कॉलर घासून घासून फाडली. त्यानंतर त्या कोणाच्या लग्नाला गेल्या नाहीत.

"कॉलर मळलीच न्हाई तर कोण काय बोलंल? आन् अकोल्याला गेलो तर ती एकटी काय करंल?" त्यांनी कॉलर उजेडाकडे धरली. "बघा बरं, गेला का?"

गेला होता. त्यांनी शर्ट अंगात घातला. एप्रिलच्या वाऱ्यात घर येईपर्यंत कॉलर वाळायची. हे ते रोज करत होते.

आठवड्याभराने त्यांची मोटारसायकल पंक्चर झाली म्हणून मी त्यांना घरी सोडलं. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात धुण्याचा दगड. द्वारकाबाई भिंतीला हात लावत बाहेर आल्या. "या भाऊजी," म्हणाल्या. नवऱ्याने शर्ट काढून हातात दिला तसा त्यांनी तो खांद्यावर टाकला, चहा केला आणि कप मला नेमका हातात दिला. गाडेकर बनियनवरच दूध आणायला कोपऱ्यावर गेले.

द्वारकाबाई दगडापाशी बसल्या. शर्ट भिजवायच्या आधी त्यांनी कॉलर नाकाशी नेली.

"भाऊजी, तुमच्या हापिसात लिंबाचा साबण हाय ना?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"राहू द्या. आपल्या घरी तो आणत न्हाईत. रोज धुऊन आणतेत ते. मला कळू नये म्हून रस्त्यानं वाळवतेत." त्यांनी अंगठ्याने कॉलरवरून हात फिरवला. "पहिल्या दिवशी वाटलं, आता हे बी काम गेलं. रडले. मंग म्हणलं, इतकी खटपट करून राह्यलेत, करू द्या."

"मग तुम्ही सांगत का नाही?"

"सांगितलं तर काय होईल? घोर करायचा सभावच हाय त्यांचा. हा घोर सोडला तर दुसरा धरतील. ह्याची त्यांना सवय झाली."

त्यांनी शर्ट पाण्यात बुडवला, साबण लावला आणि कॉलर घासू लागल्या. घाई नव्हती. एक टोक धरून दुसऱ्या टोकापर्यंत, मग उलटून परत.

गाडेकर दुधाची पिशवी घेऊन आले आणि अंगणाच्या दारात उभे राहिले. काही वेळ ते तिच्या हातांकडे पाहत होते.

"निघाला का गं?" त्यांनी विचारलं.

"निघाला," द्वारकाबाई म्हणाल्या. "लई होता आज."

गाडेकरांनी माझ्याकडे पाहिलं आणि तिला काही कळलेलं नाही अशा अर्थाने डोळे मिटून उघडले. मग दूध तापवायला आत गेले.