अर्धा तास तहकूब

आमचे चेअरमन कुणाचीही वाट अर्धा तास बघायचे. बरोबर अर्धा तास, मनगटावरचं घड्याळ समोर धरून. लग्नात मुहूर्ताला नवरदेव पोचला नाही की हे मांडवात उभे राहून जाहीर करत, "गणपूर्ती न्हाई. सभा अर्धा तास तहकूब." एसटी उशिरा आली तरी तेच, भाकरी तव्यावर असली तरी तेच. अर्धा तास उलटला की मात्र त्यांना कुणाचीच गरज उरत नसे, एसटीचा नाद सोडून ते पायी चालू लागत. सहकाराच्या कायद्यात तसंच आहे म्हणे. सभेला पुरेशी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब करायची, अर्ध्या तासाने तीच सभा त्याच जागी भरवायची, आणि मग किती जण हजर आहेत हे कुणी विचारायचं नाही. एवढं एक कलम पाठ करून त्यावर सगळा संसार चालवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नाव रंगनाथ, पण सगळी वडवणी त्यांना चेअरमनच म्हणायची. माझं झेरॉक्सचं दुकान स्टँडजवळ आणि घर त्यांच्या घराला लागून. म्हणजे दिवसा त्यांचे अर्ज आणि घरी आल्यावर भिंतीपलीकडून त्यांच्या सभा. माझी सुटका नव्हती.

धंद्याचे सगळे प्रकार त्यांनी करून पाहिले होते. आधी एकट्याच्या मालकीची पिठाची गिरणी. मग मेव्हण्याबरोबर भागीदारीत मंडप आणि लाउडस्पीकर. ती भागीदारी पंख्याखालच्या खुर्चीत कुणी बसायचं यावरून मोडली. त्यानंतर त्यांना सरकारी प्रशिक्षणांचा नाद लागला. मधमाश्या पाळायचं प्रमाणपत्र त्यांच्याकडे होतं, अळिंबी पिकवायचं होतं आणि गोड्या पाण्यातल्या माशांचंही होतं. हे शेवटचं मिळालं तेव्हा आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा. चेअरमननी ते फ्रेम करून कोरड्या हौदावर टांगलं. "पाणी येईल तवा येईल," म्हणाले, "कागद तयार पायजे."

यातूनच त्यांना चेअरमन करणारी ती सहकारी संस्था निघाली. डोंगरातलं सीताफळ आपलं आपण येतं, त्याला पाणी लागत नाही. त्याचा गर काढायचा आणि विकायचा. कल्पना वाईट नव्हती, हे आज म्हणतो. तेव्हा मी सगळ्यांबरोबर हसलो होतो. कारण सीताफळ पिकतं दसरा-दिवाळीला, आणि संस्थेचे सभासद नेमके त्याच वेळी कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. झाडाला फळ असलं की गावात माणूस नाही, आणि माणसं परतली की झाडाला पानसुद्धा नाही. हे मी एकदा बोलून दाखवलं. चेअरमन शांतपणे म्हणाले, "हा विषय विषयपत्रिकेवर न्हाई."

त्यांना अडचणीची वाटणारी कुठलीच गोष्ट विषयपत्रिकेवर नसे.

सभेतल्या ठरावाला एक सूचक लागतो, तो मांडणारा. आणि एक अनुमोदक, त्याला दुजोरा देणारा. त्या घरात सूचक कायम चेअरमन आणि अनुमोदक कौसाकाकू, त्यांची बायको. संस्थेच्या सभासद क्रमांक दोन. संस्थेसाठीच त्या सही शिकल्या होत्या. भिंतीपलीकडून चेअरमनचा खर्जातला आवाज यायचा, "खिडकीला जाळी बसवावी, असा ठराव मांडतो." चुलीपाशी फुंकणी थांबायची आणि काकू म्हणायच्या, "अनुमोदन हाय." दुपारचा चहा बंद करावा हा ठराव तेवढा अनुमोदकाअभावी बारगळला.

मी सभासद व्हावं म्हणून ते अकरा वर्षं माझ्या मागे होते. मी म्हणायचो, माझं एकट्याचं दुकान बरं आहे. "एकल मालकी लई वाईट, दत्ता," ते म्हणायचे. "फायद्याला एकटा, अन् रडायलाबी एकटाच." त्यांना येताना पाहून मी एकदा काउंटरखाली बसून राहिलो होतो.

मग सलग तिसऱ्या वर्षी पाऊस गेला. ज्या झाडाला पाणी लागत नाही अशी ख्याती होती, त्या सीताफळानेसुद्धा सुपारीएवढी फळं काळी करून टाकून दिली. सभासदांनी दसऱ्याची वाट पाहिली नाही. मुलंबाळं, शेळ्या, भांडी ट्रॅक्टरवर घालून गेले, आणि त्यांतले बरेच जण आता परत यायचेच नव्हते. अशात बीडच्या सहकार कार्यालयाचं पत्र आलं. वार्षिक सभा झालेली नाही. ती घेऊन इतिवृत्त पाठवा, नाहीतर संस्थेची नोंदणी रद्द.

चेअरमन मुदतवाढ मागायला बीडला निघाले त्या सकाळी काकूंची छाती दुखत होती. उंबऱ्यापाशी त्यांनी ते सांगितलं, मी अंगणातून ऐकलं. चेअरमन नेहमीच्या सुरात म्हणाले, "हा विषय पुढच्या सभेत घेऊ." काकू हसल्या. मीही हसलो. ते मी विसरू शकत नाही.

चार वाजता ते मुदतवाढीचा कागद घेऊन उतरले, तोवर मी काकूंना जीपमधून दवाखान्यात नेऊन परतही आणलं होतं. चादर पांघरून.

पुढे भिंतीपलीकडे आवाज राहिला नाही. चेअरमन रडले नाहीत, काकूंचं नाव त्यांनी काढलं नाही. चौदावा झाला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन त्यांनी वार्षिक सभेच्या नोटिशीची एक प्रत काढून घेतली. एकच. डोंगराच्या पायथ्याला संस्थेची पत्र्याची शेड आहे, तिच्या दारावर ती चिकटवली.

सभेच्या दिवशी मी टेबल पोचवायला म्हणून गेलो आणि थांबलो. अकरा वाजले. शेडमध्ये गर काढायचं गंजलेलं यंत्र, एक सतरंजी आणि आम्ही दोघं. त्यांतला मी सभासद नव्हतो. "गणपूर्ती न्हाई," चेअरमन म्हणाले आणि रस्त्याकडे बघत बसले. रस्त्यावरून अर्ध्या तासात एक टँकर गेला.

साडेअकराला त्यांनी वही उघडली. विषय पहिला, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली. सूचक म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. पुढे 'अनुमोदक' लिहिलं आणि पेन थांबलं.

मी म्हणालो की कुणाचंही नाव टाका, सगळ्या संस्था तेच करतात, कार्यालयातला कारकूनही नाही म्हणणार नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "हिच्या ठरावाला खोटी सही न्हाई."

"मग मी देतो अनुमोदन."

"तू सभासद न्हाईस, दत्ता."

त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी सभासदत्वाचा अर्ज मागितला. त्यांनी पिशवीच्या आतल्या कप्प्यातून एक कागद काढला. घड्यांवर फाटायला आलेला, पिवळा पडलेला. त्यावर माझं नाव, माझा पत्ता आधीच भरलेला होता. खाली शिफारस करणाऱ्या सभासदाची सही होती, एकेक अक्षर सुटं आणि जपून काढलेलं. कौसाबाई.

"लई वर्सं झाली," चेअरमन म्हणाले. "ती म्हणलती, दत्ता येईल एक दिवस. कागद तयार ऱ्हाऊ द्या."

संस्था वाचणार नव्हती, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. मी सही केली. मला माझीच लाज वाटत होती.

चेअरमन उभे राहून श्रद्धांजलीचा कागद वाचू लागले. "संस्थेच्या सभासद क्रमांक दोन यांचं दुःखद निधन झालं. त्यांनी संस्थेच्या प्रत्येक ठरावाला..." पुढचं त्यांना वाचता येईना. कागद हातात तसाच राहिला.

"अनुमोदन हाय," मी म्हणालो.

त्यांनी वाकून माझं नाव लिहिलं. श्रद्धांजलीला दोन मिनिटं उभं राहायचं असतं. आम्ही राहिलो. त्यांनी घड्याळ समोर धरलं होतं. दोन मिनिटं झालेली मला दिसली, म्हणून मी खाली बसायला लागलो, तर त्यांनी माझी बाही धरली.

"थांब," ते म्हणाले. "अर्धा तास थांबू."