डोमाजीले स्लॅब नोको

माझा साडू डोमाजी कोणाच्याही नव्या दुकानात शिरला की आधी सदरा काढतो. मग बनियन वर करून उघडी पाठ भिंतीला टेकवतो आणि डोळे मिटून उभा राहतो. मालक गल्ल्यावर, गिऱ्हाईक समोर, आणि हा भिंतीला चिकटलेला. थोड्या वेळानं डोळे उघडून निकाल देतो, "भट्टी आहे. माणसं शेकून राहिला का बे इथं?" हे उद्घाटनाच्या दिवशी, मालकाच्या बायकोपोरांसमोर. आमच्या लाखनी गावात लोकांनी त्याला पत्रिका देणं बंद केलं, तर हा बिनबोलावता जायला लागला. मान खाली घालायची पाळी माझ्यावर, कारण साडू माझा.

मी रागानं सांगतोय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय. या माणसाबरोबर एका छपराखाली धंदा करून पाहा, मग मला शांतपणा शिकवा.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्याची वारली, तेव्हा एकुलता एक मुलगा मनोहर नुकताच भिलाईला नोकरीला लागला होता. डोमाजी आसगावात एकटा पडला. माझी बायको म्हणाली, "भाऊजीले इकडं बोलवा, दोघं मिळून मोठ्या रोडवर दुकान टाका." बोलावलं. जागा घेतली. अर्ध्यात त्याची धोतरं-लुगडी राहणार, अर्ध्यात माझ्या सायकली. इथवर सगळं गोड होतं. मग बांधायची वेळ आली.

तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, आणि ज्याच्या दुकानावर स्लॅब त्याचीच रोडवर इज्जत. मी याचे-त्याचे पाय धरून सिमेंटची सोय लावली आणि ठेकेदाराला घेऊन आलो. त्यानं नकाशा उलगडला. डोमाजीनं नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सिमेंट कुठून येते?"

"बाहेरून. ट्रकनं."

"बैलगाडी सकाळी जाऊन सांजेपर्यंत घेऊन येईन का?"

ठेकेदार हसला. तिथंच तो चुकला. "मंग माझ्या दुकानाले नोको," डोमाजी म्हणाला. "जे बैलगाडीनं दिवसभरात येत नाही ते आपलं नाही. उचल तुहा कागद."

झालं, कायदा ठरला. माती आमच्याच जागेच्या मागच्या बाजूची. लाकूड जवळच्या खेड्यातल्या कोणाच्या तरी मोडलेल्या घराचं. बांबू, चुना, छपरासाठी कवेलू म्हणजे मातीची कौलं, सगळं बैलगाडीच्या टप्प्यातलं. मी चिडून विचारलं, "भाऊ, तुमची धोतरं पवनीहून बसनं येतात, ती कशी चालतात?" तर म्हणे, "धोतर भिंतीत घालतो का बे?"

भिंतींच्या चिखलात धानाचं तणीस आणि कोंडा टाकून तो तुडवायचा होता. मजूर लावावेत की नाही? नाही. रोडवरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला हा हाक मारायचा, चहा पाजायचा आणि धोतर वर खोचायला लावून चिखलात उतरवायचा. तोवर शेजारच्या झाडाखाली मी पंक्चर काढायचो, तिथं आलेल्या एका गुरुजींनाही त्यानं सोडलं नाही. ते बिचारे गुडघाभर चिखलात उभे राहून माझ्याकडे पाहत होते, आणि हा काठावरून ओरडत होता, "गुरुजी, नाचू नका, तुडवा."

शटरवरून तर आम्ही महिनाभर बोललो नाही. मला लोखंडी शटर हवं होतं, त्याला फळ्या. माझी बायको निरोप नेऊन-आणून थकली आणि एक दिवस दोघांचे डबे समोर ठेवून म्हणाली, "तुम्ही आपसात भांडा, मले कामं आहेत." शेवटी फळ्याच लागल्या.

दुकान थंड झालं, हे मी मान्य करतो, आणि मान्य करतानाही मला राग येतो. कारण वैशाखात गिऱ्हाईक येईना, पण ट्रकवाले यायला लागले. बाकावर ऐसपैस झोपायचे. माझी साधी घंटी कोणी विकत घेत नव्हतं. डोमाजी मात्र त्यांना उठवून विचारायचा, "झोप लागली का?" लागली म्हटलं की खूश.

आणि पाऊस. पाऊस आला की कवेलूंतून पाणी नेमकं माझ्या सायकलींच्या सीटवर. वानरांचा कळप छपरावरून गेला की कवेलू सरकतात, फुटतात, म्हणून दरसाल पावसाआधी ते फेरावे, म्हणजे फुटके काढून नव्यानं रचावे लागतात. आमच्या छपराला भाड्याचा माणूस हात लावू शकत नव्हता. "माझ्या कवेलूले माझाच पोट्टा हात लावीन," हा डोमाजीचा दुसरा कायदा. त्यासाठी मनोहरनं रजा काढून भिलाईहून यायचं. हा पोरगा दिवाळीला येत नसे, पोळ्याला येत नसे, पण वैशाखाच्या शेवटी यायचा, छपरावर चढायचा, काम संपवायचा आणि घड्याळ पाहत स्टँडवर जायचा.

बरीच वर्षं मी सहन केलं. त्या वर्षी चैत्रात अवकाळी पाऊस झाला, नव्याकोऱ्या सायकली गंजल्या आणि माझं डोकं फिरलं. डोमाजी एका लग्नाला गेला होता तेवढ्यात माणूस लावून मी माझ्या बाजूचे कवेलू फेरून घेतले. तो परत आला तेव्हा जे रामायण झालं ते विचारू नका. मीही सोडलं नाही. "औंदा स्लॅब पडणार," मी ठणकावलं. "मनोहरलेही तेच पाहिजे. त्यानं मागच्याच साली कबूल केलं आहे. तुम्ही आमच्या दोघांच्या डोक्यावर किती वर्षं बसाल?" पुढं अबोला.

मनोहर यायचा होता त्याच्या आदल्या दुपारी मी जेवून लवकर परतलो. पाहतो तर डोमाजी शिडीवर, हातात माझ्याच दुकानातली हातोडी. एकेक कवेलू काढायचा, त्यावर हातोडीनं हलका टोला मारायचा, तडा गेला की परत जागेवर ठेवायचा. त्याच्या बाजूचं निम्मं छप्पर त्यानं वाया घालवलं होतं.

"भाऊ, काय करून राहिले?"

तो दचकला, आणि दचकल्याचा राग माझ्यावरच काढला. "दिसत नाही का? वानरायनं सत्यानाश केला."

"कुठं आहेत वानरं?"

तो शिडीच्या पायरीवर टेकला आणि हातोडी मांडीवर ठेवली.

"उद्या मनोहर येऊन राहिला."

"मंग?"

"काम थोडं दिसलं का सांजच्या गाडीनंच चालला जाते, गोपाळ. मागच्या साली जेवलाही नाही. तुही बायको ताट वाढून बसली होती." त्यानं एक फुटका कवेलू जागेवर नीट बसवला. "जास्त फुटले राहिले का मुक्कामी थांबते. स्लॅबले काय, एकडाव टाकला का झालं. मंग कोणी कायले येते?"

मला संताप आला. इतकी वर्षं वानरांना शिव्या घालणाऱ्या या खोटारड्याचा आला, आणि त्याच्या पोराचा तर त्याहून जास्त आला. मी शिडी घट्ट धरली. "उतरा," म्हटलं, "हातपाय मोडून घ्याल." तो मुकाट्यानं उतरला. हातोडी मी माझ्याकडे घेतली.

दुसऱ्या दिवशी मनोहर आला आणि चहा पिऊन थेट छपरावर चढला. डोमाजी खालून एकेक कवेलू हातात देत होता. वरूनच पोरगा मला म्हणाला, "मावसाजी, ते स्लॅबचं औंदा करूनच टाकू. मी पैसे पाठवतो. मलेही दरसालची झंझट नाही राहणार."

डोमाजीच्या हातातला कवेलू हातातच राहिला.

"स्लॅब नाही पडत," मी म्हटलं. "कवेलूच राहतील."

"तुम्हीच तं मांगे लागले होते."

"लागलो होतो. आता नाही. अर्धं दुकान माझं आहे. आज तुह्या बापाची बाजू कर, उद्या माझी. रजा वाढवून घे."

मनोहरनं मान वळवून माझी बाजू नीट न्याहाळली. "तुमची बाजू तं साबूत आहे, मावसाजी. एकही कवेलू फुटला नाही."

"उद्या पाहजो," मी म्हटलं.