अर्धे टाके तुझे, अर्धे माझे

बाबांच्या हिरडीला चीर देऊन झाली, हाडात भोक पाडून झालं आणि नेमकं तेव्हाच बहीण-भावाचं जुंपलं. दवाखाना दोघांचा, दोघंही दातांचे डॉक्टर आणि खुर्चीत दोघांचे बाबा. दाढ पडून वर्ष झालं होतं. वर्षभर बिचारे एकाच बाजूने चावत होते, कारण या दोन दीडशहाण्यांचं कशावरच एकमत होईना. आज कुठे त्या भोकात स्क्रू बसायचा होता. त्यावर पुढे दाढ.

"टाक्यांसाठी हे रेशीम कुणी काढून ठेवलं?" ताई कडाडली. "थुंकी शोषतं ते. घाण धरतं. बाबांच्या तोंडात मी जाऊ देणार नाही!"

"आणि तुझा तो विरघळणारा धागा? हिरडी जुळायच्या आधीच गायब झाला म्हणजे? रेशमाची गाठ बसली की बसली!"

"मग टाके काढायला बाबांनी पुन्हा आ वासायचा!"

"डॉक्टर, तो ट्रेमधला..." सिस्टर म्हणाल्या.

"मध्ये बोलू नका!" दोघं एका सुरात ओरडले.

बाबा निवृत्त मुख्याध्यापक. जन्मभर त्यांच्या आवाजाने वर्गच्या वर्ग चळाचळा कापले. आज मात्र अर्धा जबडा बधिर आणि तोंडात चिमटा. त्यांनी खुर्चीचा हात दणादणा बडवला आणि ट्रेकडे बोट केलं.

"बघ! बाबांना रेशीमच हवंय."

"डोळे फुटलेत का तुझे? बोट माझ्या धाग्याच्या पाकिटाकडे आहे!"

अरे, बाप रागाने लालबुंद झालाय, त्याच्याकडे तरी बघा! पण नाही. शेवटी तह झाला तो असा, की पुढचे टाके भावाचे, मागचे ताईचे. कोणाची बाजू आधी भरते ते बघायचं. मग काय, ईर्ष्येने असे टाके घातले दोघांनी, की परीक्षेतसुद्धा कधी घातले नसतील.

एक्स-रे काढला. हाडात भोक होतं. स्क्रू नव्हता. तो ट्रेमध्येच होता, आपल्या बाटलीत, जसाच्या तसा.

"तुम्हाला सांगता येत नव्हतं?" ताई सिस्टरवर घसरली.

"सांगतच होते. मध्ये बोलू नका म्हणालात."

तोंडातला चिमटा एव्हाना निघाला होता. बाबा उठून बसले. ओठ वाकडा होता, पण आवाज तोच, शाळेतला.

"गाढवांनो! एकानेच हात लावायचा. दुसरा बाहेर!"

मग भाऊ हळूच म्हणाला, "ताई, तूच कर. तुझा धागा खरंच चांगला."

"छे रे. रेशमाची गाठच पक्की. तूच कर."

"नको नको, तू मोठी आहेस."

"चालते व्हा दोघंही!" बाबा गरजले. "सिस्टर, समोरच्या डॉक्टरला बोलवा."

समोरचा डॉक्टर म्हणजे या भावंडांचं आजवर ज्या एकाच माणसाबद्दल एकमत झालं होतं, तो. तो कसाई आहे, असं दोघंही म्हणत.

"निघालेत ते," सिस्टर म्हणाल्या. "एक्स-रे बघितला तेव्हाच फोन केला."

समोरचा डॉक्टर आला. त्याने हात धुतले, हातमोजे चढवले, दाराशी उभ्या असलेल्या दोघांना मान लववली आणि बाबांना अदबीने विचारलं, "सर, धागा कुठला वापरू?"

"सुतळी वापर," बाबा खेकसले, "पण आधी स्क्रू घाल!"