आप्पांची तांबडी खूण

आमच्या केंदूरच्या म्हस्कूआप्पांना जगातली कुठलीही बातमी सांगा, ते एकच विचारतात, "पोचलं का?" लग्नपत्रिका धाडली म्हणा, "पोचली का?" शिरूरच्या मार्केटात कांदा पाठवला म्हणा, "पोचला का?" त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याच्या दहाव्याला बुवा म्हणाले, पुण्यात्मा स्वर्गाच्या वाटेला लागला. आप्पा मांडवातून ओरडले, "लागला, बरं झालं. पर पोचला का?" बुवा पुढचं सगळं प्रवचन विसरले.

आप्पांचा जन्म मेंढरांमागं गेला. मेंढरं विकून शेतीला लागले, पण सवय काही विकली गेली नाही. पूर्वी शेवटचं कोकरू आत आल्याशिवाय घास घेत नसत. आता कोकरं नाहीत, म्हणून आळी धरलीय. दिवस मावळताना दारात उभे राहतात. शाळेची गाडी आली की पोरांवर नजर. "सुताराची बारकी उतरली न्हाई ती?" ती मामाकडं गेली म्हणून सांगा, तिथल्या तिथं मामाला फोन लावायला लावतात.

अशा माणसाच्या कानावर मी आमची मोहीम घातली, म्हणजे माझ्या डोक्यात त्या दिवशी नक्की भुसा होता. मी इथल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. वय विचारू नका. परदेशात लढाई पेटलेली, पोरं थंडीत उघड्यावर पडलेली, आणि पुण्याची एक संस्था त्यांच्यासाठी ब्लँकेटं धाडणार होती. म्हटलं, केंदुरातून एक टेम्पो भरून देऊ.

लगेच चहाच्या हॉटेलात विधानसभा भरली. सोसायटीचे माजी चेअरमन संपतराव बशी आपटून म्हणाले, "सणसवाडीला कामगारांची पोरं पत्र्याच्या खोल्यांत कुडकुडत्यात, ती दिसंनात व्हय तुम्हाला? निघाले परदेशी!"

"त्यांना तुम्ही काय दिलं, चेअरमन?" मी विचारलं.

"मी मुद्दा मांडतोय!" संपतराव गरजले. "आन् ही पोरं कुठल्या बाजूची? आधी त्ये ठरवा."

कोपऱ्यातून आप्पा म्हणाले, "चुकार कोकरू कळपात शिरलं, तर कुणाचं म्हून इचारत बसतो का रं, संपत? आधी पाजतो. धनी मागनं हुडकतो."

संपतरावांनी बशी तोंडाला लावली. मी आप्पांना मिठी मारायला उठलो, तेवढ्यात तोफ माझ्याकडं वळली. "आन् तू रं, अध्यक्षा? पोचत्याल का ती? पुण्यात कुणी लेकीच्या रुखवतात मांडली म्हंजी?"

"आप्पा, संस्था फोटो पाठवते."

"कुणाच्याबी ब्लँकेटाचा काढत्याल. आपलंच हाय कशावरनं?"

पुढं आठवडाभर ते माझ्या मागं होते. शेतात, देवळात, न्हाव्याच्या खुर्चीत गालाला साबण असताना सुद्धा. तरी ब्लँकेटं जमली. नवीकोरी, पांढरीशुभ्र. टेम्पो यायच्या दिवशी सकाळी देवळाच्या सभामंडपात गेलो, तर बायका किंचाळत बाहेर येत होत्या. प्रत्येक ब्लँकेटावर तळहाताएवढा तांबडाभडक डाग. मला वाटलं, लढाई केंदुरातच आली!

ढिगापाशी आप्पा, कोपरापर्यंत लाल, हातात डबा. "खूण केली," ते शांतपणे म्हणाले. "मेंढराला करायचो तीच. टीव्हीवर दिसली की वळखीन."

"अहो, रक्त सांडल्यासारखं दिसतंय! बॉम्बमधनं वाचलेल्या पोरांना हे पांघरायचं? आता ही कोण घेणार?"

आप्पांचा हात डब्यावरच थांबला. "त्ये ध्यानात न्हाई आलं, लेका," ते म्हणाले. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक झाला.

बायकांनी घासघास घासलं. डाग गुलाबी झाले आणि दुप्पट पसरले. पुण्यात संस्थेच्या गोदामात एका मॅडमनी घडी उलगडली. "हे काय आहे?"

"आमच्या भागातली पारंपरिक नक्षी," मी म्हणालो. माझी जीभ मला कधीच विचारत नाही.

"किती ऑथेंटिक!" मॅडमनी ब्लँकेट गालाला लावलं आणि फोटोही काढला.

मला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! आप्पांचा टीव्ही बंद पडलेला, त्यामुळं बातम्यांना ते आमच्याकडं येऊ लागले. रोज. माझ्या खुर्चीत बसायचं, रिमोट मांडीखाली, आणि डोळे पडद्याला लावायचे. आमच्या मंडळींची मालिका ऐन भरात आलेली. सासूनं सुनेला घराबाहेर काढलं, ते आम्हाला शेजारणीकडून कळलं. चहाचा कप दिवसेंदिवस जोरात आदळू लागला. शेवटी एका संध्याकाळी मी कंबर कसली.

"आप्पा, पुरे आता. आपली ब्लँकेटं टीव्हीवर दिसायची नाहीत. ते तेच तेच दाखवतात."

"ब्लँकेट कोण बघतंय?"

"मग?"

आप्पा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "त्या पाण्याच्या टँकरपाशी पोरं उभी ऱ्हात्यात बघ लायनीत. त्यांच्यात हिरव्या फ्राकातलं एक बारकं असायचं. येवढा थोरला क्यान, दोन्ही हातांनी वढत न्यायचं. सगळ्यांच्या मागं ऱ्हायचं. चार-पाच दिस झालं, दिसंना." मग म्हणाले, "त्या दिशी क्यान घिऊन निघाली हुती. घरला पोचली का न्हाई, कुणी दावंना."

त्यांनी मांडीखालचा रिमोट काढून मुकाट्यानं हिच्यापुढं धरला आणि चपला शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळला, शाळेची गाडी येऊन गेली, तरी आप्पा आले नाहीत. मालिकेची वेळ झाली. हिनं टीव्ही लावला, बातम्या लावल्या आणि दारात जाऊन हाक मारली, "आप्पा, या की लवकर! टँकर दाखवायला लागलेत!"

आप्पा एक चप्पल पायात, एक हातात अशा थाटात आले. आम्ही तिघं पुढं वाकलो.

"ती का हो? त्या बाईच्या आड?" हिनं विचारलं.

"न्हवं. तिचा क्यान पिवळा हाय."

तेवढ्यात जाहिरात लागली. कुणीच जागचं हललं नाही.