कशाच्या तुलनेत?

आमच्या इमारतीत दामले मॅडमना ‘कशा आहात?’ असं फक्त नवीन माणूसच विचारतो. जुन्यांना उत्तर पाठ आहे. मॅडम चष्मा कपाळावर सरकवतात आणि शांतपणे म्हणतात, "कशाच्या तुलनेत?"

त्यांचा विषयच तो. कल्याणच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर तुलनात्मक राजकारण शिकवलं. त्यातही जगाच्या कारभारात बायका कुठे असतात, हा त्यांचा खास प्रांत. निवृत्त झाल्यावर त्या कोपरला आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या आणि तो प्रांतही सामानाबरोबर जिना चढला. सुटी गोष्ट त्यांना दिसतच नाही. शेजारी दुसरी ठेवल्याशिवाय त्या मत देत नाहीत. सुजातानं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकदा हौसेनं त्यांना अळूवडी पाठवली. दुसऱ्या दिवशी जिन्यात विचारलं, "मॅडम, कशी झालेली वडी?"

"तुमच्या गणपतीतल्या वडीपेक्षा चिंच कमी, माझ्या वडीपेक्षा बेसन जास्त. आणि माझ्या सासूबाईंच्या वडीशी तुलना करणं आपल्या दोघींवरही अन्याय होईल."

सुजाता त्यानंतर बरेच दिवस माझ्यावर चिडलेली होती. माझा काय संबंध, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी त्यांच्या लेखी ‘शेजारी राष्ट्र’. वागळे इस्टेटमधल्या नोकरीवरून दमूनभागून परत आलो की खाली बाकावर बसलेल्या मॅडम विचारतात, "काय मोकाशी, सीमा शांत?" सीमा म्हणजे आमच्या बाथरूमचं छत. ते त्यांच्या न्हाणीघरामुळे गळतं. या प्रश्नावर आमची बोलणी चालू आहेत. प्रत्येक फेरी सौहार्दाच्या वातावरणात पार पडते आणि छत गळतच राहतं.

सोसायटीच्या सभेला त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा पुढे पुरुष बसलेले, बायका मागे वेफर्सच्या बशा भरत होत्या. मॅडम उभ्या राहिल्या. "वाटाघाटीत कोण बोलतंय ते नंतर बघू. आधी खाणं कोण वाटतंय ते बघू या." मग त्यांनी आमचे सेक्रेटरी म्हात्रे यांच्या हातात ट्रे दिला. म्हात्रे बिचारे म्हणाले, "अहो मॅडम, अजेंडा पाण्याच्या टाकीचा आहे, यात बायकांचं काय मधेच?" पण ट्रे त्यांनी धरला. दोन्ही हात अडकल्यामुळे त्यांना हातवारे करता येईनात, आणि हातवाऱ्यांशिवाय म्हात्र्यांना बोलता येत नाही. सभा निम्म्या वेळात आटोपली.

मॅडमचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. एकच मुलगी, मुक्ता. आईचा विषय तिनं पुस्तकातून उचलून थेट जगात नेला. भांडणाऱ्या देशांना एकत्र बसवून बोलणी घडवणाऱ्या एका परदेशी संस्थेत ती काम करते. मॅडमना तिचा अभिमान किती, हे सांगायला नको. पण सुजाताच्या एक गोष्ट लक्षात आलेली. "अहो, यांची प्रत्येक तुलना फिरून फिरून तिकडेच जाते, बघितलंत का? ऊन पडलं की मुक्ताकडे थंडी. कढीपत्ता घेतला की मुक्ताकडे मिळत नाही. तिची आठवण येते म्हणायचं, तर ते नाही." मी मग लक्ष ठेवलं. खरंच होतं.

या वर्षी मुक्ता सुट्टीवर आली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं वर चहाला गेलेलो. बोलता बोलता मुक्तानं कप खाली ठेवला.

"आई, ठाण्याच्या कॉलेजातून मला शिकवण्यासाठी विचारलंय. आणि तिकडून नवीन पोस्टिंग येतंय, आत्तापेक्षा लांबचं. तू सांग. राहू का मी?"

मॅडमचा चेहरा असा उजळला की सुजातानं माझा हात दाबला. त्यांनी तोंड उघडलं. आणि मग, सवयच ती, चष्मा कपाळावर गेला.

"दोन्ही बाजू नीट मांडू या."

त्यांनी मांडल्या. काय मांडल्या! कुठेही झुकतं माप नाही. तिकडे वाटाघाटींच्या टेबलाशी बाईला मिळणारी खुर्ची, मोठं काम. इकडे स्थैर्य, शिकवण्यातला आनंद, घोडबंदर रोडचं ट्रॅफिक. सगळे मुद्दे आले. आई नावाचा मुद्दा मात्र कुठल्याच बाजूला नव्हता. मुक्ता विद्यार्थिनीसारखी ऐकत होती, आईकडे टक लावून. शेवटी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे जाणंच बरोबर."

"निष्कर्ष तुझा," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुक्ताची टॅक्सी गेली. संध्याकाळी मी वर डोकावलो तर मॅडम दिवा न लावता बसलेल्या.

"मोकाशी, ती मला मत विचारत होती हो," त्या म्हणाल्या. "आणि मी तिला व्याख्यान दिलं."

"मग आता सांगा. विमान सुटायचंय अजून."

"आता सांगणं म्हणजे तिच्या निर्णयात ढवळाढवळ होईल."

मला त्यांची दया यायला हवी होती. आला तो राग. "मॅडम, खड्ड्यात गेली ती ढवळाढवळ!" एवढ्या मोठ्यानं मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. टेबलावरचा त्यांचा फोन उचलून मी मुक्ताला लावला आणि त्यांच्या हातात दिला.

"मुक्ता? हां, मीच. काही झालं नाहीये, घाबरू नकोस. काल तू विचारलंस, त्याचं उत्तर राहिलं होतं." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "तू राहावंस असं मला वाटतं. खूप वाटतं. एवढंच सांगायचं होतं. आता जा तू. नाही, परत फिरू नकोस, मुळीच नाही. जा. पण मला वाटतं, हे तुला माहीत असू दे."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. मॅडम म्हणाल्या, "अगं, रडतेस काय अशी? लोक बघतील." आणि स्वतः पदर डोळ्यांना लावला.

मी दिवा लावला आणि दार ओढून बाहेर आलो. थोड्या वेळानं सुजाता पोहे घेऊन वर गेली, ती तशीच परत आली. विमानात बसायची घोषणा होईपर्यंत दोघी मायलेकी फोनवर होत्या म्हणे. बोलत मात्र कोणीच नव्हतं.